हँकच्या निमित्ताने

चि. निनाद,
अनेक आशीर्वाद.

रविवारी फोनवर तू सहज बोलून गेलास, की बास्केटबॉलच्या सरावात डोळ्यांपुढे अंधारी आली, जरा वेळ बाकावर टेकलास आणि परत खेळायला उतरलास. तुझ्या लेखी विषय तिथंच संपला. माझ्या डोक्यातून मात्र तो जाईना. सारखा हँक गॅदर्स आठवत राहिला.

तुझ्या जन्माआधीची गोष्ट. हँक फिलाडेल्फियाच्या गरीब वस्तीतला, खेळायचा लॉस एंजेलिसच्या लॉयोला मेरीमाउंट विद्यापीठाकडून. 1988-89 च्या हंगामात अमेरिकेच्या अव्वल श्रेणीच्या कॉलेज बास्केटबॉलमध्ये सर्वाधिक सरासरी गुण त्याचे आणि रिबाउंडही, म्हणजे हुकलेले चेंडू पकडणंही, त्याचेच. सामन्यामागे 32.7 गुण! डिसेंबर 1989 मध्ये फ्री थ्रोच्या, म्हणजे फाउलनंतर मिळणाऱ्या मोकळ्या फेकीच्या, रेषेवर तो कोसळला. हृदयाचे ठोके अनियमित असल्याचं निघालं, औषध सुरू झालं. त्याने अंग जड वाटतं, पूर्वीसारखं पळता येत नाही, ही त्याची तक्रार. डोस हळूहळू कमी होत गेला आणि हँक पुन्हा मैदान गाजवू लागला. 4 मार्च 1990, पोर्टलंडविरुद्धचा सामना. उंचावरून आलेला पास त्याने हवेतच पकडून बास्केटमध्ये कोंबला, बचावासाठी मागे वळला आणि मैदानाच्या मध्याजवळ खाली पडला. उठायची धडपडही केली. त्याची आई प्रेक्षकांत बसली होती. त्याच दिवशी तो गेला. वय अवघं 23. हृदयाच्या स्नायूचा विकार होता.

मी त्याला दोष देत नाही. एनबीए, म्हणजे अमेरिकेतली व्यावसायिक बास्केटबॉल लीग, काही महिन्यांवर आलं होतं, सगळ्या घराचे डोळे त्याच्याकडे लागलेले. त्या वयात मीही गोळीपेक्षा पायांतला वेगच निवडला असता.

हँक उजव्या हाताचा, पण फ्री थ्रो जमेनात म्हणून तो ते डाव्या हाताने टाकू लागला होता. तो गेल्यावर त्याची टीम राष्ट्रीय स्पर्धेत उतरली. फिलाडेल्फियापासूनचा त्याचा जिवलग बो किंबल पहिल्या फ्री थ्रोसाठी रेषेवर आला. तोही उजव्या हाताचाच. त्याने चेंडू डाव्या हातात घेतला, टाकला, आत गेला. पुढच्या सामन्यांतही पहिला फ्री थ्रो डाव्याच हाताने. गतविजेत्या मिशिगनला 149-115 असं लोळवून ती पोरं शेवटच्या आठांत पोचली. गेलेल्या माणसाची याहून सुंदर आठवण मी पाहिलेली नाही. भाषण नाही, पुष्पचक्र नाही. मित्राची लकब तेवढी आपल्या हातात घेतली.

सगळ्याच मरणांना असा इशारा नसतो रे. 13 डिसेंबर 1977 ला इव्हान्सव्हिल विद्यापीठाच्या संघाचं विमान उड्डाणानंतर लगेचच पडलं. 29 माणसं गेली, त्यांत 14 खेळाडू. घोटा दुखावल्यामुळे एक पोरगा त्या विमानात नव्हता. दोन आठवड्यांनी तोही गाडीच्या अपघातात गेला. यावर कुणी काय बोलायचं? साठी ओलांडल्यावर मी एवढं मान्य केलंय, की काही गोष्टी कुणाच्याच हातात नसतात. माझ्या मरणाचा विचार आला तर आता फारसा घाबरतही नाही. तुझ्या बाबतीत मात्र हे शहाणपण कामाला येत नाही.

म्हणून सांगतो. खेळ सोड असं मी म्हणणार नाही. पण याच आठवड्यात डॉक्टरकडे जा. नुसत्या ईसीजीवर भागवू नकोस, इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, लागेल का ते विचार. माझे काका तरुणपणीच अचानक गेले होते, हेही न विसरता सांग. घरातली अशी माहिती डॉक्टरला फार उपयोगी पडते. निकाल येईपर्यंत सराव बंद, आणि कोचला खरं कारण सांग. तुमच्या जिममध्ये एईडी, म्हणजे बंद पडलेल्या हृदयाला विजेचा झटका देणारं यंत्र, कुठे टांगलेला आहे तेही पाहून ठेव, दुसऱ्या कुणाला लागला तर.

अपॉइंटमेंट कधीची मिळाली ते कळव. आईला मी अजून काही बोललेलो नाही. ते तू स्वतःच तिला सांग.

तुझा,
बाबा