चित्रकाराची खूण जन्मघरापुरती नको

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

जर्मन चित्रकार कास्पार डाविड फ्रीडरिश यांच्या जन्माला २०२४ मध्ये अडीचशे वर्षे पूर्ण झाली. त्या निमित्ताने हॅम्बुर्ग, बर्लिन आणि ड्रेस्डेन येथे मोठी प्रदर्शने भरली आणि पुढच्याच वर्षी न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयानेही त्यांची चित्रे मांडली. या मोठ्या शहरांपुढे त्यांचे जन्मगाव ग्राइफ्सवाल्ड काहीसे मागे पडते. मात्र थोर माणसाच्या जन्मस्थळाची खूण कशी ठेवावी, याचा जो विचार त्या गावाने केला आहे, तो आपल्या वाचकांपुढे यावा असे वाटल्याने हे पत्र लिहीत आहे.

बाल्टिक समुद्राजवळच्या या गावात ५ सप्टेंबर १७७४ रोजी फ्रीडरिश यांचा जन्म झाला. दहा भावंडांत ते सहावे होते आणि वडिलांचा व्यवसाय साबण व मेणबत्त्या बनवण्याचा होता. मूळ घर १९०१ साली आगीत जळाले. त्या जागी आता त्यांच्या नावाचे केंद्र उभे आहे आणि तेथे या साबण-मेणबत्तीच्या धंद्याचीही ओळख करून दिली जाते. मला ही गोष्ट फार मोलाची वाटते. चित्रकाराच्या स्मारकात केवळ चित्रांच्या प्रतिकृती लावून भागले असते, परंतु हा मुलगा कोणत्या कष्टकरी घरात वाढला, सातव्या वर्षी आई गेल्यानंतर आणि तेराव्या वर्षी बर्फ फुटून धाकटा भाऊ डोळ्यांदेखत बुडाल्यानंतर तो कोणत्या घरात परतला, हे कळल्यावाचून त्याच्या चित्रांतील थंडी आणि एकाकीपण पुरते उमजत नाही.

याहून महत्त्वाचे म्हणजे गावाने ही खूण एका इमारतीत कोंडून ठेवलेली नाही. फ्रीडरिश यांनी जी ठिकाणे पाहिली आणि रेखाटली, त्यांना जोडणारी एक चित्रवाट गावातून आणि आसपासच्या परिसरातून आखलेली असून तिच्यावर त्या त्या जागी फलक आहेत. ही वाट एल्डेना येथील मठाच्या अवशेषांपर्यंत जाते. सिस्टर्शियन या ख्रिस्ती पंथातील साधूंचा हा मठ पुढे ओस पडला आणि त्याच्या विटा काढून गावाच्या तटबंदीसाठी वापरल्या गेल्या. फ्रीडरिश यांनी या भग्न भिंती पुन्हा पुन्हा चित्रांत आणल्या, लोकांचे लक्ष तिकडे वळले आणि १८२० च्या दशकात अवशेषांच्या जतनाला सुरुवात झाली. चित्रामुळे वास्तू वाचल्याची अशी उदाहरणे विरळाच असतील. म्हणून जन्मघराइतकाच, किंबहुना त्याहून अधिक, एल्डेना हाच त्यांच्या स्मृतीचा खरा पत्ता आहे असे माझे मत आहे.

अशा फलकांनी एक पथ्य मात्र पाळायला हवे. ‘हे चित्र येथे काढले’ एवढेच सांगणे दिशाभूल करणारे ठरेल. फ्रीडरिश बाहेर फिरून रेखाटने करीत आणि तैलचित्रे ड्रेस्डेनच्या आपल्या कार्यशाळेत रंगवीत. १७९४ साली ते शिक्षणासाठी कोपनहेगनला गेले, १७९८ पासून ड्रेस्डेनमध्ये स्थायिक झाले आणि १८४० मध्ये तेथेच वारले. ग्राइफ्सवाल्डच्या संग्रहालयातील त्यांच्या एका चित्रात तर एल्डेनाचे अवशेष थेट डोंगराच्या पायथ्याशी दिसतात, प्रत्यक्षात तो प्रदेश सपाट आहे. पाहिलेले आणि मनाने जुळवलेले यांतले हे अंतर फलक वाचणाऱ्याला कळले पाहिजे.

इतिहासाच्या बाबतीतही हाच काटेकोरपणा हवा. फ्रीडरिश जन्मले तेव्हा ग्राइफ्सवाल्ड स्वीडनच्या राजवटीखाली होते आणि १८१५ मध्ये ते प्रशिया या जर्मन राज्याकडे आले. मृत्यूनंतर त्यांचा बहुतेकांना विसर पडला होता, १९०६ च्या बर्लिनमधील प्रदर्शनाने त्यांना पुन्हा पुढे आणले आणि नंतर नाझींनी त्यांना आपल्या राष्ट्रवादाचे प्रतीक करून टाकले. त्याचा डाग पुसायला युद्धानंतर बराच काळ जावा लागला. जन्मगावाने अभिमान जरूर बाळगावा, परंतु हा गैरवापरही त्याच ठिकाणी, तितक्याच ठळकपणे सांगितला जावा, कारण त्या चित्रांकडे आजचा प्रेक्षक तो इतिहास ओलांडूनच पोहोचतो.

शिक्षण आणि नोकरीसाठी जर्मनीत असलेल्या मराठी तरुणांना माझी विनंती आहे की त्यांनी ग्राइफ्सवाल्डला अवश्य जावे. बर्लिनहून रेल्वेने अडीच-तीन तासांत तेथे पोहोचता येते. शक्य असल्यास त्याआधी हॅम्बुर्गच्या कलासंग्रहालयात ‘ग्राइफ्सवाल्डजवळची कुरणे’ हे चित्र पाहून घ्यावे, म्हणजे गावाबाहेर उभे राहिल्यावर तिन्ही चर्चचे मनोरे त्यांना आपोआप ओळखता येतील.

आपला,
एक नियमित वाचक, पुणे