एका ‘ळ’बद्दल आभार

आदरणीय उस्तादजी,

सादर नमस्कार.

तुम्हाला मराठी वाचता येत नाही हे मला ठाऊक आहे. तरीही हे पत्र मी मराठीतच लिहिते आहे, कारण ज्या अक्षरासाठी ते लिहायचे, ते अक्षर हिंदीच्या पाटीवर चालत नाही असे मला तीन वर्षे ऐकवण्यात आले. तुमच्या पाट्या कोरण्याच्या दुकानाशेजारचे मराठी काका ते तुम्हाला वाचून दाखवतील. नाहीच दाखवले, तरी त्यातले एक अक्षर तुम्ही नक्की ओळखाल.

माझा थोरला भाऊ १९७१ च्या युद्धात शकरगढ क्षेत्रात, बसंतर नदीच्या काठी धारातीर्थी पडला. तेव्हा तो बावीस वर्षांचा होता आणि खांद्यावर सेकंड लेफ्टनंटचा एकच तारा होता. त्याच लढाईत १६ डिसेंबरला एकवीस वर्षांच्या अरुण खेत्रपालांना वीरमरण आले आणि पुढे त्यांना परमवीरचक्र मिळाले, हे साऱ्या देशाला माहीत आहे. आमच्या दादाला पदक नव्हते. त्या दिवशी संध्याकाळी ढाक्याला शरणागतीच्या कागदावर सह्या झाल्याची बातमी रेडिओवर ऐकून आमच्या गल्लीत पेढे वाटले गेले. आईनेही वाटले, आणि तार आली ती त्यानंतर पाच दिवसांनी. त्या काळी पार्थिव घरी पाठवण्याची पद्धत नव्हती, ती १९९९ च्या कारगिल युद्धापासून रुळली. आमच्याकडे आली ती त्याची काळी लोखंडी ट्रंक. त्यामुळे हात टेकावा अशी जागा आम्हाला कधी लाभलीच नाही. दिल्लीचे राष्ट्रीय समर स्मारक २०१९ मध्ये उभे राहिले तोवर आई-बाबा दोघेही गेले होते.

म्हणूनच पन्नासाव्या वर्षी आमच्या वस्तीतल्या चौकात त्याच्या नावाची संगमरवरी पाटी लागणार असे कळले, तेव्हा मी पुन्हा सोळा वर्षांची झाले. अनावरण झाले, शाल आणि श्रीफळ झाले, भाषणात त्याची पलटणही चुकीची सांगितली गेली. ते सारे मी सोसले. पण पडदा बाजूला झाला आणि आमच्या आडनावातला ळ जाऊन तिथे ल बसलेला दिसला. मी दुरुस्तीची विनंती केली तेव्हा संयोजकांपैकी एकाने समजुतीच्या सुरात सांगितले, “मैडम, हिंदी में यह अक्षर होता ही नहीं।” दुसऱ्याने विचारले, “एक अक्षर से शहीद छोटा हो जाता है क्या?” बाबा असते तर ऋग्वेदाची पहिलीच ऋचा ‘अग्निमीळे’ अशी सुरू होते हे त्यांनी त्यांना तिथल्या तिथे म्हणून दाखवले असते. मी फक्त अर्ज करत राहिले. एक खरे, की ज्या होळकरांची ही इंदूर राजधानी, त्यांचाही ळ इथल्या पाट्यांवर उरलेला नाही. मग आमची काय कथा!

पुढे परवानगी कशी मिळाली आणि पाटी कोणी उतरवली, हे इथे सांगत बसत नाही. मला लिहायचे आहे ते तुमच्या पत्र्याच्या शेडमधल्या त्या सकाळबद्दल. मी कागदावर मोठा, सुबक ळ काढून आणला होता. तुम्ही तो पाहिलात, हातातली छिन्नी खाली ठेवलीत आणि विचारलेत, “वो खुद कैसे लिखते थे?”

उस्तादजी, चोपन्न वर्षांत त्याच्याबद्दल मला पुष्कळ प्रश्न विचारले गेले. गोळी कुठे लागली, पेन्शन किती मिळाली, जमीन मिळाली का. तो लिहीत कसा असे, हे विचारणारे तुम्ही पहिलेच.

मी घरी जाऊन त्याचे शेवटचे पत्र घेऊन आले. ‘द्वारा ५६ एपीओ’ एवढाच लष्करी टपालाचा पत्ता असलेले ते निळे अंतर्देशीय पत्र घड्यांवर विरले आहे. दादाचा ळ पहिल्यापासूनच वेडावाकडा: डावा गोल चिमुकला, उजवा भलामोठा, आणि शेवटचा फराटा पुढच्या अक्षराच्या अंगावर जाणारा. “हा ळ आहे की सर्कशीतली सायकल?” असे म्हणून बाबांनी त्याला शंभरदा गिरवायला लावला होता, तरी तो सुधारला नाही. तुम्ही चष्मा पुसलात, फरशीच्या एका तुकड्यावर पेन्सिलीने तो ळ काढलात, पुसलात, पुन्हा काढलात. सोळा वेळा, मी मोजले. मध्येच म्हणालात, की तुमची मारवाडातली दादी हा उच्चार अगदी असाच करायची, पण तो लिहायचा कसा हे तुम्हाला कोणी शिकवले नाही. आणि मग तुम्ही तो उच्चार करून दाखवलात, चांगला टाळूपर्यंत जीभ नेऊन. इंदूरमध्ये जन्मलेल्या माझ्या नातवालाही तो तितका साधत नाही.

हात चालू असताना तुम्ही मला पत्र वाचून अर्थ सांगायला लावलेत. त्यात युद्ध नाहीच. माझ्या सायकलची चेन पाण्याने धुऊ नकोस, तेल घाल, असे आहे. महूला यंग ऑफिसर्स कोर्सला असताना तो दर रविवारी मीटरगेजच्या गाडीने मळक्या कपड्यांची पिशवी घेऊन घरी येई आणि दोन बशा पोहे खाऊन झाल्यावर मला ती सायकल शिकवी. हात सोडल्याचे मात्र कधी कळू देत नसे. आईने विणलेला मफलर आपण वायरलेस ऑपरेटरला दिला आहे, कारण त्याला रात्रभर एका जागी बसावे लागते, तेव्हा रागावू नये, असे शेवटी लिहिले आहे.

मजुरी तुम्ही चोख घेतलीत, आणि ते मला फार आवडले. उपकार केल्याचा आव नाही, देशभक्तीवर दोन वाक्ये नाहीत; आपल्या हातून जाणारे अक्षर बरोबर असले पाहिजे एवढीच तुमची काळजी. अशी माणसे या शहरात अजून आहेत, आणि ती बहुधा सत्काराच्या खुर्च्यांवर बसलेली नसतात. आता चौकातून जाताना मी त्या ओळीवर बोट फिरवते. डावा गोल चिमुकला, उजवा भलामोठा.

पत्र परत देताना तुम्ही एक प्रश्न विचारला होतात, आणि गळा दाटून आल्यामुळे मला त्याचे उत्तर देता आले नव्हते. होय, तो ऑपरेटर परत आला होता. १९७३ च्या मे महिन्यात पत्ता शोधत तो आमच्या दारात उभा राहिला, मफलर धुऊन, वर्तमानपत्रात गुंडाळून. आईने त्याला आधी जेवायला वाढले, आणि निघताना भर उन्हात तो मफलर पुन्हा त्याच्याच गळ्याभोवती गुंडाळला.

आपली कृतज्ञ,
एका सेकंड लेफ्टनंटची धाकटी बहीण
इंदूर