आधी तुम्हालाच सांगते आहे

प्रिय आई-बाबा,

फोनवर आईचा आवाज ऐकला की माझा धीर सुटतो, म्हणून लिहिते आहे. सोमवारी मी राजीनामा दिला. दोन महिन्यांचा नोटीस पीरियड पूर्ण करूनच निघेन.

बाबा, पगाराचा प्रश्न नव्हता. कामाला तर मी कधीच भ्यायले नाही. पण प्रमोशन दोनदा ‘पुढच्या वेळी नक्की’ म्हणून लांबवलं. सोडून गेलेल्यांच्या जागी नवीन कुणी घेतलं नाही, त्यांचं काम आमच्यावरच. मी जागून केलेला अहवाल साहेबांनी स्वतःच्या नावाने मांडला, आणि मी तिथेच बसून टाळ्या वाजवल्या. मनाने मी त्याच दिवशी तिथून उठले होते.

तरी रेटलं असतं. पण बाबांच्या हृदयाच्या इको तपासणीच्या दिवशी मी बाहेर बाकावर लॅपटॉप मांडीवर घेऊन मीटिंगमध्ये होते. नर्सने दोनदा नाव पुकारलं. बाबा, तुम्ही माझ्याकडे बघितलंत, फाइल काखेत मारलीत आणि एकटेच आत गेलात. काही बोलला नाहीत. बोलला असतात तर बरं झालं असतं.

तुम्हाला आकडे लागतात, म्हणून सांगते. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने २०२१ मध्ये मांडलंय: आठवड्याला ५५ तास किंवा त्याहून जास्त काम करणाऱ्यांना ३५ ते ४० तासवाल्यांपेक्षा पक्षाघाताचा धोका ३५ टक्क्यांनी जास्त, हृदयविकाराने मृत्यूचा १७ टक्क्यांनी. माझे तास ६० च्या खाली येतच नव्हते. आणि आपल्या घरातल्या हृदयांचं मी वेगळं काय सांगू? दादाच्या वेळचं आठवतं ना.

हातात दुसरी नोकरी नाही, हे लपवत नाही. दोन ठिकाणी बोलणी चालू आहेत. आठ महिने निघतील एवढी शिल्लक आहे. तुमच्या औषधांचे पैसे वेगळे काढलेत, विम्याचा हप्ता भरलाय, मावशी येतच राहतील. यातलं काहीही कमी होणार नाही.

बाबा, तुम्ही ३४ वर्षं एकाच ठिकाणी काढलीत ती आमच्यासाठी, हे मला कळतं. तुमचं चुकलं असं मनातसुद्धा नाही. चौथीत गणितात नापास झाले तेव्हा तुम्ही सायकल थांबवून किती मार्क पडले ते विचारलंच नाहीत, ‘भूक लागली का गं?’ एवढंच म्हणालात. आताही तसंच विचाराल ना?

आणि ऐका, रात्रीची गोळी चुकवायची नाही. आई, तू स्टुलावर चढू नकोस, माळ्यावरचं मी आल्यावर काढीन. काकांना इतक्यात कळवू नका, त्यांचे प्रश्न मला आत्ता झेपणार नाहीत. पुढची तपासणी १२ तारखेला आहे. फाइल मी धरणार आहे, लॅपटॉप आणणार नाही.

तुमचीच,
धाकटी