पहिल्या भेटीला रिकाम्या हातानं पाठवू नका

मा. संपादक,

मानसशास्त्रज्ञांकडच्या पहिल्या भेटीवरचा रविवारच्या पुरवणीतला लेख वाचला. विषय घेतलात, त्याबद्दल आभार. पण ‘तयारी काही लागत नाही, मनमोकळं बोला’ एवढं सांगून वाचकांची बोळवण केलीत, ते पटलं नाही. भेट पाऊण ते एक तासाची. ‘कधीपासून?’ आणि ‘कुठली गोळी?’ यातच वीस मिनिटं गेली, तर माणूस मनमोकळं बोलणार कधी?

सगळ्यात मोठा घोळ गोळ्यांचा. ‘सकाळची एक बारीक पांढरी’ एवढ्यावरून काही कळत नाही. केमिस्टनं कापून दिलेल्या चार गोळ्यांच्या तुकड्यावर पुष्कळदा ना नाव उरतं ना मिलिग्रॅम. म्हणून डॉक्टरांची चिठ्ठीच न्यावी, नाहीतर अख्ख्या पट्टीचा फोटो. काढे, झोपेची गोळी, दारू, तंबाखू हेही लपवू नये. थायरॉइड मंदावलं तरी उदासी आणि सुस्ती येते, बी-12 किंवा हिमोग्लोबिन उतरलं तरी माणूस गळून जातो. तेव्हा अलीकडचे रक्ताचे रिपोर्ट सोबत हवेतच. मानसशास्त्रज्ञ औषध लिहून देत नाहीत, पण मनोविकारतज्ज्ञांकडे किंवा फिजिशियनकडे पाठवायचं का, हे ठरवताना हे कागद कामी येतात. भेटीआधी चालू गोळी आपल्या मनानं बंद करणं तर धोक्याचंच.

दुसरं, अर्धं पान लिहून न्यावं. अंथरुणावर किती वाजता पडतो, झोप कधी लागते, पहाटे किती वाजता जाग येते, जेवण किती, कामावर किती खाडे. आणि हे सगळं गेल्या दोन आठवड्यांचं. नैराश्यासाठी वापरली जाणारी पीएचक्यू-9 ही नऊ प्रश्नांची प्रश्नावलीही दोन आठवड्यांचंच विचारते.

लेखात अक्षरही नव्हतं ती गोष्ट अशी: सगळ्यात जड गोष्ट लोक चप्पल घालता घालता सांगतात. जीव द्यायचे विचार, घरातली मारहाण, लहानपणचा अत्याचार. तोवर पुढच्या वेळेचा रुग्ण बाहेर येऊन बसलेला असतो. तोंडानं निघत नसेल तर हेही त्या अर्ध्या पानावर लिहावं आणि तो कागद आत गेल्या गेल्या पुढे सरकवावा. विचार फारच बळावले असतील तर भेटीच्या तारखेची वाट न पाहता टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या 14416 वर कधीही फोन करावा किंवा थेट रुग्णालय गाठावं. तुम्ही हा क्रमांकसुद्धा छापला नाहीत.

सोबत आलेल्या आई-वडिलांनी किंवा नवऱ्यानं आधी बाहेर थांबावं. त्यांना काय सांगायचं ते शेवटची दहा मिनिटं आत बोलावून, रुग्णाला विचारूनच. गोपनीयता ही मेहेरबानी नाही, 2017च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या कलम 23 नुसार तो हक्क आहे. त्यालाही अपवाद आहेत, जिवाला धोका हा त्यातला मुख्य. ते कोणते, हे पहिल्याच भेटीत विचारून घ्यावं. फी आणि भेट रद्द करण्याचा नियम मात्र फोनवरच विचारावा.

जाता जाता आणखी एक. त्याच पानावर तळाला ‘एका बैठकीत नैराश्यातून मुक्ती’ अशी जाहिरात होती, नोंदणी क्रमांक नसलेली. नैराश्य एका बैठकीत जात नाही. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी असते. तो क्रमांक मागितल्याशिवाय अशी जाहिरात कृपया घेऊ नका.

— एक समुपदेशक, नाशिक