मुकादमाची वही आणि गोवरची लस : आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

मा. ना. श्री. प्रकाश आबिटकर साहेब,
सार्वजनिक आरोग्य मंत्री, महाराष्ट्र राज्य

स.न.वि.वि.

मी बीड जिल्ह्यातल्या एका उपकेंद्रावर 29 वर्षं आरोग्य सेविका होते. आता निवृत्त आहे, पण गावात अजून ‘नर्सबाई’च म्हणतात आणि कुणाच्या लेकराला ताप आला की भर दुपारी माझंच दार वाजतं. पत्र लिहायला बसले ते गोवरसाठी. गोवर आणि रुबेला 2026 पर्यंत देशातून घालवायचे असं केंद्र सरकारनं ठरवलंय. आधी ही तारीख 2020 होती, मग 2023 झाली. नोकरीत तारखा पुढं सरकताना खूप पाहिल्या, त्याचं नवल नाही. पण या वेळी घोडं अडलं तर ते कुठं अडेल, याचा मला अंदाज आहे. ती जागा माझ्या आणि तुमच्या जिल्ह्याच्या मधल्या रस्त्यावर आहे. आमच्याकडून ऊसतोड मजुरांच्या टोळ्या निघतात आणि तुमच्या कोल्हापूरकडच्या उसाच्या फडात उतरतात.

2003 ची गोष्ट. पाडव्याच्या मागंपुढं ऊसतोडीच्या टोळ्या परतल्या आणि आठवड्याभरात एका वस्तीवर ताप-पुरळ सुरू झालं. मी गेले तेव्हा दाराला कडुलिंबाचा डहाळा लावलेला. आजी म्हणाली, “गोवर निघालाय, निघू द्या बाई, आत राहिला तर वंगाळ.” आत तेरा महिन्यांची पोर, डोळे चिकटलेले. अ जीवनसत्त्वाचे डोस दिले, पण उशीर झाला होता. पोर वाचली. एका डोळ्यात फूल पडलं. उपकेंद्रावर येऊन मी रजिस्टर उघडलं. तेव्हा गोवरचा एकच डोस असायचा, नऊ महिने पूर्ण झाले की. तिच्या नावापुढचा तो रकाना कोरा होता आणि शेजारी पेन्सिलीनं एकच शब्द : ‘बाहेरगावी’. अक्षर माझं होतं.

साहेब, हा शब्द मी शेकडो वेळा लिहिलाय. पोर बाहेरगावी आहे म्हटलं की त्या महिन्याच्या ड्यू लिस्टमधून, म्हणजे लस द्यायच्या मुलांच्या यादीतून, ते निघतं, म्हणजे माझी टक्केवारी खाली येत नाही. आणि ज्या फडात ते गेलंय तिथल्या सिस्टरच्या यादीत ते कधी चढलेलंच नसतं, म्हणून तिचीही टक्केवारी शाबूत. दोघींचे अहवाल स्वच्छ आणि पोर दोन्हीकडून गायब. यात कुणी खोटं लिहिलेलं नसतं, म्हणून तर वरच्या बैठकीत ते कधी पकडलं जात नाही.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात आपल्या राज्यातल्या एक ते दोन वर्षांच्या मुलांचं पूर्ण लसीकरण 2015-16 मध्ये 56 टक्क्यांच्या आसपास होतं, 2019-21 मध्ये ते 73.5 टक्के झालं. मोठी उडी आहे आणि त्यात आशाताईंची पायपीट आहे, ते नाकारत नाही. पण विभागाचे महिन्याचे अहवाल नेहमी या आकड्यांच्या बरेच वर असायचे. आमची अपेक्षित संख्या लोकसंख्येला जन्मदरानं गुणून वरून यायची. ती चुकली की 104 टक्के लसीकरण झालेली गावंसुद्धा निघायची, आणि शेरा यायचा ‘उत्तम’. सर्वेक्षणवाले घरी जाऊन विचारतात म्हणून त्यांचा आकडा खाली येतो. पण ते तरी काय करणार? हंगामात कुलूप लागलेल्या दाराचं उत्तर त्यांच्याही कागदावर येत नाही.

गोवरला मात्र कुलपाआडचं लेकरू बरोबर सापडतं. एक रुग्ण, लस न घेतलेल्यांच्या गर्दीत, बारा ते अठरा जणांना हा रोग देतो. म्हणून 95 टक्के मुलांना दोन्ही डोस मिळायला हवेत असं शास्त्रज्ञ सांगतात. नऊ महिन्यांना दिलेला डोस शंभरातल्या साधारण 85 मुलांना लागू पडतो, दोन्ही डोस झाले की 97 ला. आता गावात शंभरातल्या नव्वद मुलांना पहिला डोस दिला आणि दुसऱ्याचं राहून गेलं असं धरा. नव्वदांपैकी 76 सुरक्षित, म्हणजे शंभरातली बाकी 24 उघडीच. अहवालात मात्र नव्वद टक्के. पुढच्या वर्षी आणखी 24, त्याच्या पुढच्या वर्षी आणखी. धरणात गाळ साचतो तशी ही मुलं साचत जातात आणि तीन-चार वर्षं शांत गेली की साथ एकदम उसळते. 2022 च्या शेवटी मुंबईतल्या गोवंडीत, मालेगावात, भिवंडीत ती उसळली तेव्हा सहा ते नऊ महिन्यांच्या बाळांनासुद्धा जादा डोस द्यायची वेळ आली. जगभर जाणारी गोवरची लस पुण्यातल्या हडपसरला बनते आणि गोवंडीतली लेकरं गोवरनं दगावतात. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

शिवाय ही सरासरी जिल्ह्याची असते. जिल्हा 95 वर आणि एक वाडी 50 वर, तर गोवर वाडीत घुसतो, जिल्ह्याचा तक्ता बघून परत जात नाही. कॅनडाचं बघा. सगळ्या देशाला पुरेल एवढी लस, डॉक्टर, पैसा. पण लस न घेणाऱ्या काही समाजांत 2024 च्या ऑक्टोबरपासून साथ शिरली आणि वर्षभर त्याच विषाणूची साखळी तुटली नाही, म्हणून 2025 च्या नोव्हेंबरात त्यांचं गोवरमुक्तीचं प्रमाणपत्रच गेलं. तिथं लोकांनी लस नाकारली होती. आमच्या टोळीतल्या बाया नाकारत नाहीत. ‘आम्ही फडात असतो तेव्हा तुमी येत नाय, आम्ही घरी असतो तेव्हा तुमची तारीख नसती,’ असं मला एकीनं सुनावलं होतं.

तिचं म्हणणं बोटं मोजून बघा. टोळ्या दसरा-दिवाळीच्या सुमारास निघतात आणि मार्च-एप्रिलात परततात. जानेवारी ते जून या काळात जन्मलेलं लेकरू नऊ महिन्यांचं होतं ते ऑक्टोबर ते मार्चमध्ये, म्हणजे बरोबर हंगामात. मार्चमध्ये जन्मलेलं परत येतं ते तेरा महिन्यांचं होऊन. तोवर त्याचं नाव यादीतून पुढं सरकलेलं असतं आणि पहिला डोस झालाच असेल असं सगळे धरून चालतात. दुसरा डोस सोळा ते चोवीस महिन्यांत. त्याच्या बाबतीत हातात उरतात जुलै, ऑगस्ट, सप्टेंबर. आमच्याकडं तेव्हा पावसाळी कामं आणि साथीचे ताप. दिवाळी आली की पुन्हा बैलगाडी, नाहीतर ट्रॅक्टर. मोठ्या पोरांना गावात हंगामी वसतिगृहात ठेवता येतं, दीड वर्षाचं मात्र आईच्या पाठीवरच जातं.

2018 ची गोवर-रुबेला मोहीम आठवा. नऊ महिने ते पंधरा वर्षांपर्यंतच्या प्रत्येक मुलाला एक डोस, एवढं मोठं काम राज्यानं अंगावर घेतलं. शाळाशाळांतून रांगा लागल्या, आम्ही महिनाभर जेवायच्या वेळा विसरलो. मोहीम सुरू झाली ती 27 नोव्हेंबरला. आमच्या दोन वाड्यांत तेव्हा म्हातारी माणसं, शेळ्या आणि कुलपं होती. तिकडं फडावरही टोचलं असेल, पण किती लेकरांना, कोणत्या, ते आमच्यापर्यंत कधी पोचलं नाही. दुसरी तारीख का धरली नाही ते मी तेव्हा विचारलं होतं. उत्तर मिळालं की शाळांच्या सोयीनं ठरलंय.

आता देवीच्या रोगाकडे वळते, कारण त्या पिढीच्या एका कर्मचाऱ्याच्या हाताखाली मी काम शिकले. नुसतं जास्तीत जास्त लोकांना टोचत सुटल्यानं देवी गेली नाही, असं ते सांगायचे. भारतात 1974 मध्ये, लाखो लोकांना टोचूनसुद्धा, बिहारात ती भयानक पेटली होती. मग कामाची रीत बदलली. घरोघर चित्र दाखवून ‘असा रुग्ण पाहिलाय का’ विचारायचं, सापडला की त्याच्याभोवतीच्या सगळ्यांना टोचून कडं करायचं. शेवटी शेवटी रुग्ण कळवणाऱ्याला हजार रुपये बक्षीस होतं. 1975 मध्ये देशातली देवी संपली. किती टोचले हा आकडा बाजूला ठेवून कोण राहिलं ते शोधायला लागल्यावर जमलं. पोलिओलाही तेच. ती पथकं वीटभट्ट्यांवर आणि रेल्वेच्या फलाटांवर उभी राहिली, बोटाला शाई लावत फिरली, आणि 13 जानेवारी 2011 नंतर देशात रानटी पोलिओचा रुग्ण सापडला नाही.

गोवरच्या निर्मूलनाचे नियमही हेच सांगतात, पण ही बाजू फारशी कुणी बोलत नाही. गोवर गेला असं नुसतं म्हणून चालत नाही. दर लाख लोकांमागे वर्षाला निदान दोन तरी ताप-पुरळाचे रुग्ण असे शोधावे लागतात, ज्यांचं रक्त तपासलं आणि गोवर नाही, रुबेलाही नाही असं निघालं. म्हणजे शोधणाऱ्यांनी हात आखडला तर शून्य रुग्ण हा पुरावा ठरत नाही. कोपीवरच्या, म्हणजे फडाकडेच्या झोपडीतल्या, लेकराला पुरळ आलं तर ते कोण कळवणार? आई टोळी आणणाऱ्या मुकादमाला सांगते, मुकादम मेडिकलमधून पातळ औषध आणून देतो, संपलं.

या मुकादमाकडंच माझं बोट आहे. आपल्या सगळ्या खात्यांच्या रजिस्टरांपेक्षा पक्की यादी त्याच्या वहीत असते. उचल, म्हणजे हंगामाआधीची आगाऊ रक्कम, दिलेली असते ना! नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता, कुठल्या गावाचा, किती उचल, कोणत्या कारखान्यावर, कोणत्या गटात, सगळं लिहिलेलं. वर्षानुवर्षं एक कोयता चुकत नाही, कारण चुकला तर त्याचे पैसे बुडतात. कारखान्याच्या शेतकी विभागाकडंही टोळ्यांची नोंद असते. गोपीनाथ मुंडे ऊसतोड कामगार महामंडळाच्या ओळखपत्रांसाठी ग्रामसेवक याच लोकांची नावं लिहितात. एकच नाव तीन वह्यांत आहे, फक्त त्या कोयत्याबरोबर पाच वर्षांखालचं लेकरू कोण, हा रकाना कुठंच नाही. तो घाला. सप्टेंबरात, उचल वाटून झाल्यावर, टोळ्यांच्या गावांत गोवर-रुबेलाची खास सत्रं घ्या आणि ज्यांचं वय भरत नाही त्यांची नावं कारखान्याच्या हद्दीतल्या प्राथमिक आरोग्य केंद्राला तारखेसकट पाठवा. यू-विन या लसीकरणाच्या सरकारी ॲपमुळं आता देशात कुठंही डोस दिला तरी नोंद सापडू शकते. आमच्या काळी हे नव्हतं. नुसतं ॲप आहे म्हणून मात्र लेकरू सापडत नाही, त्यासाठी फडावर जाणारं माणूस लागतं.

त्या माणसाची एक अडचण लिहिते, मंत्रालयात ती फार कुणाला माहीत नसावी. गोवर-रुबेलाची कुपी एकदा विरघळवली की चार तासांत वापरायची, उरलेली फेकायची. कुपीत पाच नाहीतर दहा डोस. एका लेकरासाठीसुद्धा कुपी उघडा, असा नियम आहे. पण महिन्याच्या शेवटी ‘वाया गेलेले डोस’ असा रकाना भरावा लागतो आणि त्याची विचारणा होते. मग सिस्टर कोपीवरच्या आईला सांगते, ‘पुढच्या बुधवारी या.’ पुढच्या बुधवारी टोळी दुसऱ्या फडावर गेलेली असते. कोपीवर उघडलेल्या कुपीचा हिशोब विचारला जाणार नाही, एवढं एक वाक्य परिपत्रकात आलं तरी पुष्कळ फरक पडेल.

आणि टक्केवारीत ते मूल कुणाचं धरायचं यावरून दोन जिल्ह्यांत भांडण नको म्हणून सुचवते : दोघांचं धरा. राहिलं तर दोघांचंही राहिलं असं लिहा. आकडे खाली येतील, थोडे दिवस वर्तमानपत्रांत नाचक्की होईल. तुम्ही राधानगरीचे आहात. कारखान्याचं धुराडं पेटल्यावर फडाच्या कडेला उभ्या राहणाऱ्या कोप्या तुम्ही पाहिल्या असतील. आकडा का खाली आला ते तुम्हाला पत्रकारांना समजावता येईल.

डोळ्यात फूल पडलेली ती पोर आता स्वतः कोयत्यावर जाते. लसीच्या कार्डाची विचारपूस करायला ती माझ्याकडं येते, उपकेंद्रात जात नाही. तिच्या टोळीच्या मुकादमाशी मी बोलले. त्याच्या वहीत आमच्या चार वाड्यांचे 61 कोयते आहेत. त्यांच्याबरोबर जाणारी पाच वर्षांखालची 38 लेकरं मी त्याच्या समोर बसून, आयांना विचारून, वहीच्या मागच्या पानांवर उतरवून घेतली आहेत, जन्मतारखेसह. गोवर-रुबेलाचे दोन्ही डोस झालेली त्यातली 17. बाकीच्या 21 नावांची यादी माझ्याकडं तयार आहे. न्यायला कुणाला पाठवता ते कळवा.

आपली नम्र,
एक निवृत्त आरोग्य सेविका
जि. बीड