सायलीस, आराखडा पाठवण्याआधी

रत्नागिरी, मृगाचा पहिला आठवडा

चि. सायलीस अनेक आशीर्वाद.

तुझ्या नव्या संशोधन गटाचा पाच वर्षांचा आराखडा दोनदा वाचला. बॅटरी, सोलर सेल आणि सेन्सर हे सगळं एका नव्या गटाला पेलणार नाही. निकेल जास्त असलेला कॅथोड, म्हणजे लिथियम बॅटरीची धन बाजू, तेवढा ठेव. दोन विद्यार्थी आणि एक भट्टी घेऊन पहिल्या वर्षी काय करणार, हे निवड समिती विचारेलच.

गणनेचा भाग चांगला उतरलाय. पण डीएफटीने, म्हणजे संगणकावरच्या क्वांटम गणिताने, काढलेली संयुगाची स्थिरता साधारणपणे शून्य केल्व्हिनची, म्हणजे उणे २७३ अंशांची असते. म्हणून गणनेतून आलेल्या यादीतलं प्रत्येक संयुग भट्टीत तयार होईलच असं नाही. त्यातली किती करून बघणार आणि काय दिसलं की सोडून देणार, हे आधीच लिही. गटप्रमुखाने वेळेवर सोडायला सांगितलं नाही, तर विद्यार्थ्याची वर्षं जातात.

आता हवेचं. इथे पाऊस लागला की पापड सादळतात, तसंच कॅथोडच्या पुडीत लिथियमसाठी घालायचं लिथियम हायड्रॉक्साइडही सादळतं, शिवाय कार्बन डायऑक्साइड ओढून त्याचं कार्बोनेट होतं. मग काट्यावर वजन बरोबर, पण लिथियम कमी. ७५०-८०० अंशांवर भट्टीतूनही थोडं लिथियम उडतं, म्हणून ३ ते ५ टक्के जास्त घालायचं. कमी पडलं की निकेल लिथियमच्या जागी जाऊन बसतं. एक्सआरडीत, म्हणजे स्फटिकाची रचना दाखवणाऱ्या क्ष-किरण तपासणीत, ००३ आणि १०४ या नावांच्या दोन शिखरांच्या उंचीचं गुणोत्तर १.२ च्या खाली गेलं, तर पहिली शंका हीच घ्यायची. फार जास्त झालं, तर उरलेलं लिथियम कणांवर राहतं आणि कॅथोडची पुडी पीव्हीडीएफ या बाइंडरमध्ये (चिकटवणाऱ्या पॉलिमरमध्ये) कालवून केलेली स्लरी जेलीसारखी थिजते. मुलं मग उगाच बाइंडर बदलत बसतात!

म्हणून वहीत प्रत्येक बॅचचा नंबर, बाटली उघडल्याची तारीख, त्या दिवसाची आर्द्रता, भट्टीतली जागा आणि ऑक्सिजनचा प्रवाह हवा. फसलेली बॅचही त्याच वहीत. एका बॅचचे निदान तीन कॉइन सेल, म्हणजे नाण्याएवढ्या चाचणी बॅटऱ्या, लाव. दुसऱ्या विद्यार्थ्याला नुसत्या वहीवरून तीच बॅच जमली, की मगच पेपर लिहायला घे.

खर्चात ग्लोव्ह बॉक्सची, म्हणजे सेल जुळवायच्या हवाबंद पेटीची, किंमत आहे, पण तीत भरायचा आर्गॉन वायू, दुरुस्ती आणि तंत्रज्ञाचा पगार नाही. पेटीतलं पाणी आणि ऑक्सिजन १ पीपीएमच्या (दहा लाखांत एका भागाच्या) खाली ठेवायला ते लागणारच. तेवढं घालून मसुदा परत पाठव, रात्री बसून बघतो.

तुझे
बाबा