पाट

प्रियोळ, फोंडा

चि. बायेस,
अनेक आशीर्वाद.

तुझी कथा दोनदा वाचली. विधवा सून रात्री बॅटरी घेऊन कुळागरात उतरते आणि पोफळींना पाणी लावते, तो भाग फार आवडला. पण तिथे तू लिहिलंस, 'तिने कालव्याचं तोंड मोकळं केलं.' अगो, कालवा तिळारी धरणाचा. कुळागरात पाट असतो! तो शब्द सोडलास याचं मला खरंच वाईट वाटलं, कारण तुझी सगळी कथा त्याच्या पोटात आहे.

झरीचं पाणी झाडाच्या मुळाशी नेणारी मातीची चर म्हणजे पाट. आजी जेवायला मांडायची तो फणसाच्या लाकडाचा पाट, चवथीला गणपती घरी येतो तोही त्यावरच. पणजीच्या धक्क्यावरून समोर दिसतो तो मांडवीचा पाट. आणि नवरा गेलेल्या बाईने पुन्हा संसार मांडला, की जुनी माणसं त्याला लग्न म्हणत नसत. तिने पाट लावला, म्हणत. मोल्सवर्थचा कोश आपल्या कपाटात आहे, 1857 च्या आवृत्तीचं पुनर्मुद्रण. आलीस की तो शब्द काढून बघ.

मी लहान असताना शिंपणीला एक बाई यायची, दोडामार्गाकडची. झरीपासून खालच्या केळींपर्यंत पाणी कुठे अडवायचं, कुठे फोडायचं, हे तिच्याइतकं कुणालाच कळत नसे. चिखलाचा गोळा आणि पोफळीची विरी, म्हणजे झावळीचा रुंद देठ, एवढ्यावर ती पाणी वळवायची. सगळे तिला 'पाटाची' म्हणत. मला वाटायचं, पाट सांभाळते म्हणून पाटाची. मोठ्या अभिमानाने मी तिला त्या नावाने हाक मारायचो आणि ती 'ओ' द्यायची. मी कॉलेजात गेल्यावर आईने खरा अर्थ सांगितला. त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. एवढी वर्षं माझ्या हाकेत तिला काय ऐकू येत होतं?

म्हणून सांगतो, तुझ्या सुनेला पाट दे. पहिल्या पानावर ती जेवणाचे पाट मांडते, सवयीने एक जास्त मांडते आणि उचलून भिंतीला टेकवते. मधे पाण्याचा पाट येऊ दे. कथेच्या शेवटी दीर विचारतो ते तू दीड पान लिहिलं आहेस, ते काढ. सासू एवढंच म्हणू दे, 'पाट लावून टाकूया.' वाचणाऱ्याच्या मनात तोवर भिंतीला टेकवलेलं लाकूडही असेल आणि वाहतं पाणीही.

एक सांभाळ. आपल्याकडे अर्थ क्रियापद ठरवतं. मांडला तो बसायचा, बांधला किंवा फोडला तो पाण्याचा, लावला की बाईचं नशीब. प्रत्येक जागी क्रियापद नेमकं ठेव, म्हणजे वाक्य सरळ राहील आणि बाकीचे अर्थ आतून झिरपतील. दोन अर्थ एकाच वाक्यात कोंबून श्लेष करू नकोस. देवळातला कीर्तनकार श्लेष फोडून दाखवतो, लोक माना डोलावतात, ते तिथे शोभतं. तुझ्या सुनेला तो शब्द खेळ वाटणार नाही, तिला तो सोसायचा आहे. आणि मांडवीचा पाट या कथेत आणू नकोस, कितीही मोह झाला तरी. तिचं जग कुळागराच्या गडग्यापाशी संपतं.

आई विचारते, कोकम संपलं का? या वर्षी पाऊस उशिरापर्यंत होता, पाट दोन ठिकाणी ढासळलाय. दिवाळीनंतर गडी घेऊन बांधायचा आहे. तेव्हा ये. चिखलात हात घाल, मग तो रात्रीचा प्रसंग पुन्हा लिही.

तुझा,
बाबा